किती किलो ते कळले. कुठून आणि कुठवर?

संपादक महाशय,
स. न.

आपल्या कालच्या अंकातली एव्हरेस्ट स्वच्छता मोहिमेची बातमी वाचली. गिर्यारोहकांनी आपला खेळ निसर्गाच्या आणि माणसांच्या कामी लावावा याचे मला मनापासून कौतुक आहे. पण पाऊण पानाच्या बातमीत आकडा एकच, तोही किलोंचा, आणि मथळाही त्याचाच. हा कचरा कोणत्या उंचीवरून उचलला, कोणी उचलला आणि बेस कॅम्पच्या पुढे तो कुठे गेला, यातले काहीच बातमीत नाही.

नुसते किलो मोजल्याने काय होते ते नेपाळमध्ये दिसलेच आहे. प्रत्येक आरोहकाने स्वतःच्या कचऱ्याखेरीज आणखी आठ किलो कचरा खाली आणायचा आणि प्रत्येक संघाने चार हजार डॉलर अनामत ठेवायची, असा नियम २०१४ मध्ये झाला. नियमाने वजन मागितले, उंची विचारली नाही. साहजिकच आठ किलो खालच्या छावण्यांतच भरू लागले आणि सुमारे ७,९०० मीटरवरच्या साउथ कोलवरचे, म्हणजे शिखराखालच्या खिंडीतल्या शेवटच्या छावणीतले, तंबू जिथल्या तिथे राहिले.

तिथला एक तंबू काढणे म्हणजे काय, हे बातमीदाराने एखाद्या मोहिमेवर गेलेल्याला विचारायला हवे होते. सोडून दिलेल्या तंबूचे कापड उन्हाने तापते, भोवतीचे बर्फ थोडे वितळते आणि रात्री तेच पाणी पुन्हा गोठते. कापड, दांड्या, दोऱ्या आणि आतले रिकामे डबे यांचा मिळून एकच ठोकळा होतो. तो ओढला की कापड फाटते आणि चिंध्या वाऱ्याने डोंगराच्या पूर्वेच्या कांगशुंग कड्याकडे उडून जातात. मग त्या कुणाच्याच हाती लागत नाहीत. म्हणून आधी मोकळे कापड सुरीने कापून लगेच पोत्यात कोंबायचे, दांड्या वेगळ्या काढायच्या आणि मग आइस ॲक्सने कडेकडेने बर्फ फोडत आत जायचे. घाई करून बर्फासकट तुकडा उचलला, तर पाठीवरचे बरेचसे वजन पाण्याचेच असते. एकेका तंबूमागे तास जातात. तेवढा वेळ काम करणाऱ्याला सिलिंडरचा ऑक्सिजन लागतो, आणि तो सिलिंडरही परत खाली आणायचा असतो.

सिलिंडरांचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. एके काळी साउथ कोलवर त्यांचे ढीग होते. १९९४ मध्ये एका अमेरिकी मोहिमेने वरून कचरा खाली आणणाऱ्या कामगारांना त्यासाठी वेगळे पैसे दिले, आणि ही पद्धत पुढे इतरांनीही उचलली. शिवाय सिलिंडर पुन्हा भरून वापरता येतो, त्यामुळे आता तो सहसा वर टाकून दिला जात नाही. फाटक्या तंबूला अशी किंमत नाही. वर जाणाऱ्या प्रत्येक तंबूच्या शिवणीत संघाचा क्रमांक घालावा आणि अनामत तंबूगणिक परत द्यावी, म्हणजे वजनकाट्याचा प्रश्नच उरणार नाही.

वरच्या छावण्यांतून उचललेला बहुतेक कचरा खुंबू हिमप्रपातातून, म्हणजे बेस कॅम्पच्या वरच्या तुटक्या हिमनदीतून, खाली येतो. १८ एप्रिल २०१४ रोजी याच वाटेवर हिमस्खलनात सोळा नेपाळी कामगार मरण पावले. ऊन चढले की तिथले बर्फाचे मनोरे सैल होतात, म्हणून ये-जा रात्री किंवा पहाटे करतात. स्वच्छतेसाठी केलेली प्रत्येक जादा फेरी हा त्या कामगारांच्या जिवाचा जादा धोका आहे. मोहिमेने अशा किती फेऱ्या केल्या, कामगारांचा विमा किती रकमेचा होता, हे छापले असते तर त्या किलोंना अर्थ आला असता.

बेस कॅम्पच्या पुढची वाटही सोपी नाही. तिथली विष्ठा पिंपांत भरून ५,१६४ मीटरवरच्या गोरक्षेप वस्तीजवळच्या खड्ड्यांत टाकली जात आली आहे. त्या थंडीत ती नीट कुजत नाही आणि तिचा धोका खालच्या पाण्याला असतो. वरच्या छावण्यांसाठी २०२४ पासून विष्ठेच्या पिशव्या सक्तीच्या झाल्या. पिशवीतल्या रसायनाने मळ घट्ट होतो आणि दुर्गंधी कमी होते, पण पिशवी शेवटी कुठे रिकामी होते हा प्रश्न उरतोच. सुका कचरा ओल्यापासून वरच वेगळा केला नाही, तर पुनर्वापराचा मालही वाया जातो. बेस कॅम्पपासून विमानतळ असलेल्या लुक्लापर्यंत मोटाररस्ता नाही; बहुतेक माल माणसांच्या किंवा याकांच्या पाठीवर जातो. परतणाऱ्या पदयात्रींना एक किलोची कचऱ्याची पिशवी वाटेवरच्या नामचे गावाहून लुक्लापर्यंत न्यायला सांगणारा उपक्रम मला त्यामुळेच मोठा वाटतो. छायाचित्रात तो दिसत नाही एवढेच.

बातमीत या संघाची तुलना एडमंड हिलरींशी केली आहे. ती मला पटली नाही. हिलरींनी एव्हरेस्टच्या परिसरातल्या खुमजुंग गावची शाळा १९६१ मध्ये स्थानिकांच्या मागणीवरून उभारली, खुंदेचे रुग्णालय १९६६ मध्ये झाले, आणि त्या कामाशी ते २००८ मध्ये वारले तोवर जोडलेले राहिले. एका हंगामाच्या कामाला त्या मापात बसवणे संघावरही अन्यायाचे आहे.

जाता जाता आणखी एक. बातमीत ओझे वाहणाऱ्या प्रत्येकाला ‘शेर्पा’ म्हटले आहे. शेर्पा हे एका समाजाचे नाव आहे, कामाचे नव्हे. बेस कॅम्पपर्यंतचे भारवाहक कितीतरी वेळा राई, तमांग किंवा मगर या समाजांचे असतात. पुढच्या वेळी ‘भारवाहक’ लिहावे, आणि छायाचित्राखाली संघनायकाच्या नावासोबत त्यांचीही नावे द्यावीत.

आपला,
एक वाचक