जुनेच आकडे, आणि चाचण्या हिरव्या

माननीय संपादक, स. न. वि. वि.

अहवालातले आकडे ताजे आहेत असं वाचणारा धरून चालतो. मी त्यामागचा डेटाबेस सांभाळतो, म्हणून हे पत्र. आमचे अहवाल मटेरियलाइज्ड व्ह्यूवर चालतात, म्हणजे क्वेरीचं (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचं) उत्तर आधीच काढून साठवून ठेवलेलं असतं. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत ही सोय २०१३च्या ९.३ आवृत्तीपासून आहे. पण मूळ टेबलं बदलली तरी साठवलेलं उत्तर आपोआप बदलत नाही, ते रिफ्रेश करावं, म्हणजे नव्याने काढून साठवावं लागतं.

आमच्याकडे एका चुकीच्या जॉइनमुळे (टेबलं एकमेकांना जोडताना झालेल्या चुकीमुळे) एकाच ग्राहकाच्या दोन ओळी आल्या. व्ह्यूवरच्या युनिक इंडेक्सने (एकच नोंद दोनदा येऊ न देणाऱ्या नियमाने) त्या अडवल्या, रात्रीचं रिफ्रेश फसलं आणि चार दिवस लोक जुन्या आकड्यांवर निर्णय घेत राहिले. मला ते फार लागलं. स्वयंचलित चाचण्या सगळ्या हिरव्या, म्हणजे यशस्वी होत्या, कारण प्रत्येक चाचणी स्वच्छ नमुना डेटा भरून आधी स्वतःच रिफ्रेश करायची.

आता आम्ही चाचणीत मुद्दाम दुहेरी नोंद घालतो. मूळ क्वेरी आणि व्ह्यू यांची ‘एक्सेप्ट ऑल’ने, म्हणजे एकीकडे आहेत पण दुसरीकडे नाहीत अशा ओळी दाखवणाऱ्या आज्ञेने, दोन्ही बाजूंनी तुलना करतो (नुसतं ‘एक्सेप्ट’ दुहेरी ओळी गिळून टाकतं). शेवटच्या यशस्वी रिफ्रेशची वेळही वेगळ्या टेबलात नोंदवून तपासतो. या कामाला अभियंत्यांनी दोन दिवस मागितले, तर वरिष्ठांनी ते द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक डेटाबेस अभियंता