वसुंधरा भिंतीवर, पेव्हर ब्लॉक निंबाच्या बुंध्याला

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

आपल्या पालिकेच्या पर्यावरण आराखड्याची बातमी तुमच्या पेपरात वाचली, त्यावर, खास करून रस्त्यावरच्या झाडांबद्दल, थोडं लिहायचं होतं. पत्र लांबेल, जागा कमी पडली तर खुशाल कापा पण निंबाचा भाग तेवढा राहू द्या.

पहिले चांगलं ते सांगतो. घंटागाडी आता रोज येते आणि ओला-सुका कचरा एकत्र असला तर गाडीवरचा पोरगा डबा तसाच परत देतो. रस्त्यावरचे दिवे एलईडी झाले, पालिकेच्या गच्चीवर सोलर बसलं. तसं सोलरचं खान्देशाला नवल नाही, धुळे जिल्ह्यात साक्रीला महाजनको या सरकारी वीज कंपनीचा प्रकल्प २०१३ पासून आहे, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या त्याच्याही आधीच्या. ऊन आणि वारा या दोन गोष्टी देवानं आपल्याला हात न आखडता दिल्या, अडचण सावलीची आहे आणि आराखड्याच्या बातमीत सावली हा शब्दच नाही.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढं जातो हे खान्देशच्या माणसाला कोणी सांगायला नको. २०२४ च्या मे महिन्यात तर जळगावला उन्हामुळे जमावबंदीचं कलम १४४ लावायची वेळ आली होती. अशा मुलखात पुण्याचा आराखडा आणून कसं चालेल? इथं पर्यावरण म्हणजे दुपारी दोन वाजता भाजीवाली बाई कुठं बसते, रिक्षावाला कुठं थांबतो, शाळा सुटल्यावर पोरं कोणत्या बाजूनं चालतात हे बघणं आहे, बाकीचं नंतर.

आता निंबाचं. आमच्या रस्त्याला जुने निंब आहेत, आमच्या लहानपणी पण ते मोठेच होते. मागच्या वर्षी सुशोभीकरणाचं काम निघालं आणि पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवले, मधल्या फटीत सिमेंट ओतून वरून पांढरा-तांबडा रंग मारला. पाऊस पडला की पाणी वाहत गटारीत, झाडाला थेंब नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांसाठी आदेश दिला होता की बुंध्याभोवती एक मीटर काँक्रीट ठेवू नका, म्हणजे हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ठेकेदाराला विचारलं तर म्हणे इस्टिमेटमध्ये जागा सोडायची लिहिलेली नाही, आणि साहेब लोक म्हणतात आम्ही नवीन झाडं लावतोय ना. लावतात, पण काय लावतात? कोनोकार्पस हे परदेशी झाड! पटकन वाढतो, हिरवागार दिसतो, फोटो चांगला येतो. तोच कोनोकार्पस लावायला गुजरात सरकारनं २०२३ मध्ये बंदी घातली, आणि गुजरात काही लांब नाही, नवापूरचं स्टेशन अर्धं त्यांच्यातच आहे. आपले निंब, चिंच, करंज, पिंपळ नर्सरीत मिळत नाहीत असं कोणी म्हणू नये.

हे का होतं तर माझ्या मते मार्कांमुळे. 'माझी वसुंधरा' अभियान राज्यानं २ ऑक्टोबर २०२० ला सुरू केलं, भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशी पाच तत्त्वं, त्यावर गावांना गुण. कल्पना चांगलीच आहे. पण आकाश म्हणजे जनजागृती, आणि भिंत रंगवणं हे झाड जगवण्यापेक्षा कितीतरी सोपं काम. त्यामुळे आपल्या भिंतींवर वसुंधरा हसतीये आणि समोरच्या ट्री गार्डमध्ये वाळलेली काडी उभी आहे. आमच्या कोपऱ्यावरचा चहावाला त्याच्या अहिराणीत बरोबर बोलतो, "झाड लावाले समदा येतस, पानी टाकाले कोनीच येत नही."

पाणी कुठून आणायचं हा प्रश्न खरा आहे, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथं झाडाला प्यायचं पाणी ओता असं मी पण म्हणणार नाही. पण नाल्याचं पाणी तर रोज वाहतंय. नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला जातं, मग आपल्याला दोन टँकर भरून झाडाला घालता येणार नाही का, पालिकेकडं टँकर आहेत, उन्हाळ्यात ते सगळे लग्नांनाच जातात काय? आणि माणूस नेमायचा तर आपल्याच पांझरा काठची पाणीवाटपाची फड पद्धत बघा, तिथं बंधाऱ्याचं पाणी कोणाच्या शेतात कधी जाणार याला पाटकरी जबाबदार असतो, राखणीला जागल्या असतो, सगळं गाव त्यांना नावानं ओळखतं. तसा प्रत्येक रस्त्याच्या झाडांना एक पाटकरी द्या, ठेक्याचं बिल तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेली झाडं मोजून काढा, बघा मग झाडं जगतात की नाही.

अजून एक, हे स्वस्तातलं. अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णतेचा आराखडा केला, पुढं त्यात गरीब वस्तीतल्या छतांना पांढरा रंग द्यायचं काम आलं. आपल्याकडं जुनी मातीच्या छताची धाब्याची घरं होती तोवर याची गरज नव्हती, आता सगळीकडं पत्रे, आत बसवत नाही. भिंतीवरच्या चित्रांचा निम्मा रंग पत्र्यांवर गेला तरी भागेल.

जूनमध्ये परत वृक्षारोपण होईल, तुमचा वार्ताहर जाईलच. त्याला एवढंच सांगा की नवीन किती लावली हे लिहिताना मागच्या जूनमधली किती उभी आहेत ते पण विचार, आणि त्याआधी आमच्या रस्त्यावरचे पेव्हर ब्लॉक बुंध्यापासून एक मीटर कधी उखडणार ती तारीख पालिकेकडून घेऊन छाप.

आपला,
एक निवृत्त मास्तर