गडंबीकंद आणि आमची कमिटी

बोरिवली पूर्व,
जुलै

प्रिय सुमे,

दिवाळीपासून तुला एक ओळ नाही. शिव्या घालून घे आणि मग पुढचं वाच. आई बरी आहे. माझा गुडघा होता तसाच.

बिल्डिंगमागं टेकडीचं पाणी उतरतं तिथं यंदा गडंबीकंद फुलला, तीच आपली कांद्यातून उगवणारी रानलिली! पावसाची पहिली सर पडली आणि उघड्या चिखलातून दांडा वर. दांड्यावर झुपकाभर फुलं, पांढऱ्या पाकळीवर गुलाबी पट्टा, आणि दिवेलागणीला असा वास की मी ओरडलेच. वॉचमन काठी घेऊन धावला, त्याला वाटलं साप.

आणि त्याच आठवड्यात कमिटीचा ठराव: दिवाळीनंतर ती जागा पेव्हर ब्लॉकची, वर पार्किंग. कारण काय, तर डास. मी सांगितलं, अंड्याचा डास व्हायला आठवडा तरी लागतो, इथलं पाणी दोन दिवसांत जिरतं. डास हवे असतील तर गच्चीवरची पिंपं बघा. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, गवतच आहे ना ते?"

गवत! तू असतीस तर त्यांच्या हातात काडी देऊन चिमटीत फिरवायला लावली असतीस. गवताची गोल फिरते, लव्हाळ्याच्या तीन धारा बोटाला लागतात. (नागल्याच्या जंगलात तू गेंदही, ती पांढरी बटणासारखी फुलं, लव्हाळ्यातच घातला होतास. गेंदाचं कूळ वेगळं. मी अजून माघार घेतलेली नाही.)

तिथल्या लव्हाळ्यांतल्या नागरमोथ्याची मला फिकीर नाही. तो उपटला तरी गाठींची माळ तुटून मातीत राहते, पेव्हरच्या सांध्यातून बाहेर येऊन सेक्रेटरींना नमस्कार करेल. पण त्याच्या शेजारची ती बारीक, तपकिरी कणसांची लव्हाळी? त्यांना सप्टेंबरपर्यंत बोटभर ओल लागते. शिवाय टेकडीची माती तीच अडवतात, नाहीतर सगळा गाळ गटारात. कांद्याला फूल येतं, म्हणून त्याच्यासाठी भांडायला मी तरी आहे. त्यांच्यासाठी कोण सह्या करणार?

आता खरी अडचण. सगळे म्हणतात, एवढं प्रेम आहे तर कांदे काढून कुंडीत लाव. पानं वाळली की काढता येतील, ते तुलाही माहीत आहे. पण त्याला पावसात चिखल आणि उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत माती लागते. कुंडीत कोणीतरी प्रेमानं रोज पाणी घालणार आणि कांदा कुजणार. ते कोणीतरी म्हणजे आई. आणि समज, जगलाही. मी कांदे उचलले की कमिटीला रान मोकळं, "ताईंची झाडं हलवली, आता काय?" नाही उचलले आणि जेसीबी आला, तर? रात्री दोन वाजता उठून मी हाच हिशेब करते. नवरा म्हणतो, कांद्यावरून एवढं रडणारी तू पहिलीच, तेही न चिरता.

वास्तविक आपल्या बोरिवलीचं नाव सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात आहे, क्लोरोफायटम बोरिविलिॲनम. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. एका काकांनी विचारलं, त्यानं भाव वाढतो का फ्लॅटचा.

बिया धरल्यात, हिरव्या, गुबगुबीत. आठवतं, तुझ्या खणात ठेवलेल्यांना पाण्याशिवायच कोंब फुटले होते आणि हॉस्टेलच्या मावशी किंचाळल्या होत्या? बिया तुला पाठवते, कांदे सध्या जागेवरच राहू देत. तुझ्या विहिरीमागचा उतार एप्रिलमध्ये पूर्ण सुकतो का, तेवढं कळव. बारमाही ओल असेल तर नको.

बाकी चिन्मयचं ॲडमिशन झालं का? वहिनींची शिवणाची ऑर्डर? भाऊजींना नमस्कार. आणि यंदा शेवळांची भाजी करशील तर खाज मारायला काकडाची फळं घाल बाई, मागच्या वेळी दोन दिवस माझा घसा खवखवत होता आणि तू म्हणालीस, "तुझाच घसा नाजूक."

सह्यांचा कागद सोबत जोडलाय. तू इथं राहत नाहीस, पण मजकूर तुझ्यासारखा खवचट मला जमत नाही. सुधारून लवकर परत पाठव, पुढच्या रविवारी मीटिंग आहे.

तुझीच,
मंदी