गावचं दप्तर बाहेर देताना : ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. जन्म-मृत्यूचे दाखले, नमुना ८ चे (घरांच्या कर आकारणीच्या नोंदींचे) उतारे, घरकुलाच्या याद्या, ई-ग्रामस्वराज या केंद्राच्या पंचायत पोर्टलवरच्या नोंदी आणि वरून जे नवं पोर्टल येईल ते, हे माझं रोजचं काम. खुर्ची, टेबल, कपाट, कपाटातली रजिस्टरं सगळं ग्रामपंचायतीचं. मी तेवढी ग्रामपंचायतीची नाही. माझं नाव कंपनीच्या यादीत असतं, आणि मला मिळतं त्याला पगार नाही, मानधन म्हणतात.

२०११ मध्ये 'संग्राम', म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, सुरू झालं तेव्हा गावात संगणक येणार याचंच अप्रूप होतं. २०१६ पासून त्याजागी आपले सरकार सेवा केंद्रं आली. कामं वाढत गेली, पण मशीनसमोर बसणारं माणूस बाहेरचंच राहिलं. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या पैशातून एका केंद्रापोटी महिन्याला १२,३३१ रुपये जायचे आणि परिचालकाच्या हातात ६,००० यायचे, पुढे ७,०००. मधल्या रकमेतून कागद, शाई, दुरुस्ती, प्रशिक्षण येणार असं कागदावर होतं. मानधनावर आमच्या संघटना आझाद मैदानात बोलल्या आहेत, पुढेही बोलतील. मला आज दप्तराबद्दल, म्हणजे गावच्या नोंदींबद्दल बोलायचं आहे.

माझा भाचा नांदेडला इंजिनिअर झाला आणि हिंजवडीला एका कंपनीत लागला. दूरदेशीच्या एका बँकेचं काम तो करतो. दिवाळीत आला तेव्हा सारखा फोनवर होता. विचारलं तर म्हणाला, "मावशी, केटी चालू आहे." केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. एका कंपनीकडचं काम दुसरीकडे गेलं की जुनी माणसं नव्या माणसांना काही आठवडे बसून सगळं समजावून सांगतात, कोणती फाइल कुठे, कोणता आकडा कशावरून आला. करारातच तसं लिहिलेलं असतं. त्याशिवाय ती बँक जुन्या कंपनीला सोडत नाही. मी ऐकत राहिले. परक्या बँकेच्या हिशोबाला जे मिळतं ते माझ्या गावच्या घरपट्टीला मिळालं नव्हतं.

ते कसं झालं ते सांगते. घरपट्टीसाठी आमच्या ग्रामपंचायतीनं एका खाजगी कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. मी आणि शिपाईमामा टेप घेऊन गल्लोगल्ली फिरलो. मातीचं घर, पत्र्याचं, आरसीसी, लांबी-रुंदी, मालकाचं नाव, भोगवटदाराचं नाव. सहाशेच्या वर घरं. रात्री मुलांना झोपवून भरत बसायचे, कारण दिवसा लाइट नसायची. मग करार संपला. एका सोमवारी लॉगिन उघडेना. फोन केला तर ज्या मुलानं आम्हाला शिकवलं होतं तो नोकरी सोडून गेलेला. बऱ्याच खेपा घातल्यावर एक पीडीएफ आली, तीही अर्धवट. आम्ही परत जुन्या ग्रामसेवकांच्या हातच्या, निळ्या शाईच्या नोंदवहीवर आलो. ती होती म्हणून निभावलं.

पण सगळं निभावलं नाही. गल्लीतल्या तिघा भावांनी घर वाटून घेतलं होतं, ग्रामपंचायतीनं ठराव घेतला होता, आणि वेगळ्या नोंदी मी फक्त संगणकात केल्या होत्या. वहीत अजून त्यांच्या मेलेल्या बापाचंच नाव. धाकटा उतारा मागायला आला तेव्हा मी त्याला सांगितलं, नोंद केली होती मी, पण दाखवता येत नाही. तो काही बोलला नाही. मला मात्र फार लागलं ते. माझ्याच हातानं केलेलं काम होतं, आणि माझ्या हातात नव्हतं.

साहेब, २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला अख्खा मराठवाडा कामाला लागला होता. निजामाच्या काळचे उर्दू आणि मोडीतले कागद, खासरा पाहणी पत्रकं, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, गाठोड्यांतून बाहेर निघाली. मोडी वाचणारी माणसं शोधून आणावी लागली. कसर लागलेला कागद होता, पण वाचता आला. कुण्या पटवाऱ्यानं, कुण्या गुरुजीनं लिहिलेली एक ओळ इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी नातवाला दाखला मिळवून देत होती. आमची संगणकातली नोंद करार संपताच गेली. माझ्या नोंदी आणखी पन्नास वर्षांनी कोण, कुठून काढणार?

बाहेरून काम देण्या-घेण्याच्या मी विरोधात नाही. त्याच धंद्यानं या देशाची एक पिढी वर आली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बंगळुरूला आली, १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क सुरू झाले, शतक बदलताना वायटूकेच्या, म्हणजे संगणकांतली २००० सालच्या तारखेची अडचण दुरुस्त करण्याच्या कामानं आपल्या पोरांना अमेरिकेतल्या कंपन्यांच्या आतल्या खोल्या दिसल्या. सुरुवातीला हलकं काम मिळालं, करता करता ती शिकली आणि वरची कामं मागू लागली. काम घेणारा असा शिकत जातो. देणाऱ्यानं स्वतःजवळ जाणतं माणूस ठेवलं नाही तर तो विसरत जातो, आणि मग पुढच्या करारात काय मागावं हेही त्याला कळत नाही. ग्रामपंचायत इथे देणारी आहे. तिनं आपलं मुख्य कामच बाहेर दिलं. झाडलोट किंवा टँकर बाहेरून घेणं वेगळं. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, कोणाचं घर कुठवर, हे लिहून ठेवणं तर ग्रामपंचायतीचं मूळ काम.

आणि शिकण्याचा लाभ तरी परिचालकाला झाला का? तोही नाही. तेवढ्याच मानधनात तेच काम, वर चढायला पायरी नाही. माझ्याबरोबर लागलेल्यांपैकी कोणी चाकणला गेलं, कोणी पुण्यात डिलिव्हरी करतं. प्रत्येकाबरोबर एका गावाची माहिती गेली. कोणत्या आजीचा अंगठा मशीनवर उमटत नाही, कोणत्या नावाच्या दोन बायका एकाच गल्लीत आहेत, कोणाच्या आधारवर जन्मतारीख चुकली आहे, हे कुठल्याच पोर्टलवर नसतं. परवाच एक आजी आल्या होत्या, जन्म ऊसतोडीत गेलेला. अंगठा पदराला पुसून पुसून ठेवत होत्या. "लेकरा, माझा अंगठा कामून उठंना?" मला ठाऊक आहे की त्यांचं डावं मधलं बोट लागतं. माझ्या जागी उद्या येणाऱ्याला ते कोण सांगणार?

६ सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय आपल्याला आठवत असेल. नऊ कंपन्यांमार्फत सरकारी कार्यालयांत कंत्राटी माणसं भरायची होती. तरुणांचा रोष एवढा झाला की ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. तो निर्णय रद्द झाला याचा मला आनंद झाला, आणि त्याच रात्री हेही वाटलं की ग्रामपंचायतीत तर हे कधीपासून चालू आहे, आमच्यासाठी कुणी रस्त्यावर आलं नाही.

आमच्या संघटना ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी नेमलेल्या यावलकर समितीचा आधार घेऊन ग्रामपंचायत कर्मचाऱ्याचा दर्जा मागत आल्या आहेत. तो द्या. गावचं दप्तर सांभाळणारं माणूस गावच्या आस्थापनेवर असलं पाहिजे. त्याला वेळ लागणार असेल तर निदान एक गोष्ट लगेच करता येईल आणि तिला फार पैसाही लागत नाही. यापुढे ग्रामपंचायतीच्या नोंदींचा कोणताही करार होईल, मंत्रालयातून होवो की गावातून, त्यात स्पष्ट लिहा की माहिती ग्रामपंचायतीच्या मालकीची राहील. दर तीन महिन्यांनी ती दुसऱ्या कुठल्याही संगणकात उघडेल अशा स्वरूपात ग्रामपंचायतीला मिळेल, आणि करार संपताना जुन्या माणसानं नव्या माणसाला सगळं समजावून दिल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही. असं कलम घालायला माझ्या भाच्याच्या बँकेला कुणी सांगावं लागलं नाही.

त्या तिघा भावांची नोंद मी आता वहीत घेतली आहे, जुना ठराव शोधून, ग्रामसेवकांची सही घेऊन. तेवढं माझ्या हातात होतं.

आपली नम्र,
एक संगणक परिचालक,
जिल्हा परभणी