बाबा, शनिवारी समीर गाडी घेऊन येतोय

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई मला विचारते, आज भाजी काय केलीस. म्हणून पत्र. ठरलंय ते आधीच सांगून टाकते. शनिवारी सकाळी समीर कराडला गाडी घेऊन येईल. संध्याकाळी पुण्यात बाबांच्या मानेचा एमआरआय आहे आणि सोमवारी मणक्याच्या सर्जनची वेळ घेतली आहे. पैसे भरून झालेत. दादाशीही बोलले आहे. तुम्हाला विचारत बसले असते तर पाडवा होऊ दे, मग आंबे उतरू देत, मग पाऊस, असं करत दिवाळी आली असती.

मान दुखत नाही, हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे, बाबा. दुखत असती तर मी इतकी घाई केली नसती. एखादी नस दबली की खांद्यातून एका हातात कळ जाते, माणूस हैराण होतो, पण पुष्कळांचं ते काही आठवड्यांत ओसरतं. मला धास्ती आहे ती मज्जारज्जूवर दाब येण्याची. मानेत ७ मणके, त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली जातो. चकत्या झिजतात, हाडाला कंगोरे फुटतात, पोकळी अरुंद होते आणि तो आतल्या आत आवळला जातो. डॉक्टर याला सर्व्हायकल मायलोपॅथी म्हणतात. यात कित्येकदा मान कुरकुरतसुद्धा नाही, बिघडतात ते हात आणि पाय. आणि सगळे म्हणतात, वय झालं.

मागच्या खेपेला तुम्ही तोंडाला साबण लावून डोळे मिटलेत, तेवढ्यात तोल गेला आणि बेसिन घट्ट धरलंत. सदऱ्याचं वरचं बटण आईनं लावून दिलं. तुम्ही म्हणालात, काजं बारीक केलीत हल्ली. सदरा तोच आहे, बाबा, आत्याकडच्या लग्नातला. अंगणात डाव्या पायातली चप्पल मागे राहिली आणि तुम्ही तसेच तुळशीपर्यंत गेलात, तुम्हाला कळलंही नाही. सही जुळत नाही म्हणून बँकेतून चेक परत आला, त्याचा राग तुम्ही त्या बिचाऱ्या क्लार्कवर काढलात.

व्हिडिओ कॉलवर ईशान तुमच्याशी मूठ उघडायची-मिटायची शर्यत खेळला, ती मी लावली होती. निरोगी हाताला १० सेकंदांत २० वेळा सहज जमतं. तुमची बोटं १२ वरच अडखळली. ईशानला वाटलं, आजोबा मुद्दाम हरले.

आई, तू म्हणतेस शुगरमुळे मुंग्या येतात. असतीलही थोड्या. पण शुगरची बधिरता सहसा तळपायांपासून वर चढते आणि गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उलट कमी हलतो. बाबांचा तर असा उडाला की डॉक्टरांचं स्टूल हललं! बी-ट्वेल्व्हही तपासून झालंय. मग आपल्या डॉक्टरांनीच सुचवलं, मानेचा एमआरआय करून घ्या. एक्स-रेमध्ये "गॅप कमी झालाय" एवढंच कळतं, मज्जारज्जू दिसत नाही.

आता तुम्ही नानाकाकांचं काढाल. मला माहीत आहे. पण ऑपरेशनचं अजून कुणी बोललेलं नाही. दाब कमी असेल तर नुसतं लक्ष ठेवतात. जास्त असेल तर मात्र वाट बघण्यात अर्थ नसतो, कारण ऑपरेशनचा मुख्य हेतू बिघाड तिथंच थांबवणं हा असतो. गेलेलं सगळं परत मिळेलच असं नाही, काहींना बरंच मिळतं. जितकं लवकर तितकं चांगलं, एवढं मात्र नक्की. हे लिहिताना हात जड झाला, पण तुम्ही मला हिशेब कधी लपवून सांगितला नाहीत.

पाटीवर माझा हात धरून तुम्ही माझं अक्षर वळवलंत. "ळ"ची गाठ जमेना म्हणून मी रडले, तर तुम्ही पाटीभर वाकडे "ळ" काढलेत आणि म्हणालात, बघ, मलाही येत नाही. त्या हाताला बटण लागत नाही, हे मला बघवत नाही, बाबा. बास.

इथली काळजी करू नका. तळमजल्याची खोली रिकामी केली आहे. पलंग उंच आहे, कमोड आहे, संडासात धरायला दांडा बसवून घेतलाय, रात्री दिवा चालू राहील. तुमचा पेपर सहाला दारात येतो. चहा बिनसाखरेचा पण आल्याचा. आई, तुझ्या पोथीला पाट काढून ठेवलाय. तुळशीला पाणी शेजारच्या काकू घालतील, किल्ली त्यांच्याकडे दे.

आता शनिवारपर्यंत ऐकायचं. स्कूटरची किल्ली आईकडे. पोकळी अरुंद असेल तर साध्या पडण्यानंही हातातलं बळ जाऊ शकतं, म्हणून माळ्यावर चढायचं नाही, अंधारात उठायचं नाही. तेल लावायला येणाऱ्या बंडूला मी फोन करून येऊ नको म्हटलंय. मान कडकन मोडून घेणं आता बंद, सलूनमध्येसुद्धा. मान खाली घातल्यावर पाठीतून विजेसारखा झटका जातो का, हे सर्जन विचारतील. खरं सांगा. लघवीला घाई होते का, हेही विचारतील. लाजू नका. आई, तू खोलीतच थांब, म्हणजे ते "काही नाही" म्हणणार नाहीत.

आणि मध्येच कधी पाय एकदम लुळे पडले, लघवी अडली, किंवा पडल्यावर हात उचलेनासे झाले, तर मला फोन करत बसू नकोस. आधी १०८. मान न हलवता आहेत तसेच पडून राहू दे.

एमआरआयच्या मशीनचा आवाज फार असतो, वेळ अर्धा तास धरा. अंगठी घरीच काढून ठेवा, साबण लावला की निघेल. कवळीची डबी बरोबर घ्या. जुने एक्स-रे कपाटावरच्या निळ्या पिशवीत आहेत, गोळ्यांची चिठ्ठी फ्रीजवर.

आई, लोणच्याची बरणी आणू नकोस असं म्हटलं तरी तू आणणारच. मग ती समीरला उचलू दे.

तुमची,
माई