आण्णांचा प्रश्न

एडिंबरा,
८ जून

तीर्थरूप आण्णा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आई म्हणाली, "ह्यांनी व्याख्यानाला जायचं सोडलंय बघ. पाच वाजले की कपाटातनं धुतलेला सदरा काढायचे, आता टीव्हीम्होरं बसत्यात." तेव्हापासून मन लागत नाही. फोनवर तुम्ही "जाऊ दे गं" म्हणून विषय बदलला असता, म्हणून हे पत्र.

त्या संध्याकाळचं आईनं सगळं सांगितलं. धर्मावरचं व्याख्यान, हॉल भरलेला. वक्ते थांबले, तुम्ही हात वर करून उभे राहिलात आणि वाक्य अर्धंही झालं नव्हतं तोवर स्टेजवरून कुणीतरी माइकवर म्हणालं, "बसून घ्या काका, प्रश्नोत्तरं नाहीत आज." मागं पोरं हसली. जन्मभर वर्गात "हात वर कर आणि विचार" म्हणणारा माणूस मुकाट खाली बसला. आण्णा, मला ते सहन होत नाही.

गेल्या महिन्यात मी इथल्या विद्यापीठात धर्मावरच्या गिफर्ड व्याख्यानांना जात होते. माझा विद्यापीठाशी काही संबंध नाही, लॅबमधली ड्युटी संपवून तशीच जायचे. तिकीट नाही, ओळखपत्र नाही. माझ्या शेजारी बसचा ड्रायव्हर बसायचा, अंगावर गणवेश तसाच. तासभर व्याख्यान आणि मग प्रश्न. दुसऱ्या दिवशी विषय प्रार्थनेचा होता. एक म्हातारी काठी टेकत उठली. म्हणाली, "मार्चमध्ये माझे यजमान गेले. मी रोज रात्री प्रार्थना करते, पण कुणाला करते ते मला ठाऊक नाही. तुमच्या हिशेबात ती प्रार्थना धरायची का?" सगळा हॉल गप्प. वक्ते म्हणाले, "माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. मला दोन दिवस द्या." आणि पुढचं व्याख्यान त्यांनी त्या बाईंच्या प्रश्नापासूनच सुरू केलं. तेव्हा मला तुमची फार आठवण झाली. आईनं ही गोष्ट सांगितली नव्हती तेव्हासुद्धा झाली होती.

ही व्याख्यानं कुणी सुरू केली ते तुम्हाला आवडेल. अ‍ॅडम गिफर्ड म्हणून इथलेच एक न्यायाधीश होते. १८८७ साली वारले. मृत्युपत्रात त्यांनी एडिंबरा, ग्लासगो, अ‍ॅबरडीन आणि सेंट अँड्र्यूज या चार विद्यापीठांना मिळून ८०,००० पौंड ठेवले आणि अटी घातल्या. वक्त्याची कसली परीक्षा घ्यायची नाही, शपथ घ्यायला लावायची नाही. तो कुठल्याही धर्माचा असो, कुठलाच नसो, संशयवादी असला तरी चालेल. माणूस सत्याचा मनापासून शोध घेणारा हवा. आणि व्याख्यानं फक्त विद्यार्थ्यांसाठी नकोत, सगळ्या समाजाला खुली हवीत, कारण हा विषय सगळ्यांनीच जाणून घ्यायचा आहे. मी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. एका न्यायाधीशानं आयुष्यभराची कमाई प्रश्न विचारण्यासाठी ठेवली!

हे ज्या गावात झालं त्याचा इतिहासही ऐका. १६९७ च्या जानेवारीत याच विद्यापीठातल्या थॉमस एकनहेड नावाच्या पोराला देवनिंदेच्या आरोपावरून लीथच्या रस्त्यावर फासावर दिलं. वय २० वर्षं. गुन्हा एवढाच, की मित्रांत बसून धर्मग्रंथांबद्दल वाटेल ते बोलला. माझी बस रोज त्याच रस्त्यानं जाते. पुढं १७४५ मध्ये डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्ववेत्त्याला नास्तिक ठरवून इथलं प्राध्यापकपद नाकारलं. म्हणजे हे लोक काही पहिल्यापासून उदार नव्हते. पोराला फास दिल्यापासून त्या मृत्युपत्रापर्यंत दोनशे वर्षं जात आली होती.

आणि तेवढ्यानंही सगळं मिटलं नाही. ग्लासगोला गिफर्ड व्याख्यानांची सुरुवात १८८८ मध्ये मॅक्सम्युलरनी केली, आपल्याकडची जुनी माणसं ज्यांना मोक्षमुल्लर म्हणायची तेच, ऋग्वेद छापणारे. त्यांच्या बोलण्यानं धर्म बुडतोय अशी तक्रार १८९१ मध्ये ग्लासगोच्या धर्मसभेपुढं आली. मतं घेतली; १७ विरुद्ध ५ नं तक्रार फेटाळली. व्याख्यानं चालू राहिली. ती पाच माणसं प्रत्येक गावात असतात, आण्णा. बाकीच्या सतरांनी हॉलमध्ये येऊन बसायला पाहिजे.

इथलं सगळंच मला पटतं असं मात्र नाही. परिषदांची फी आपल्यासारख्याला परवडत नाही. एका परिषदेला मी मैत्रिणीच्या ओळखीनं गेले. वीस मिनिटं निबंध, दहा मिनिटं प्रश्न, अध्यक्ष वेळ संपत आली की चिठ्ठी दाखवतात. एका अभ्यासकानं भारतातल्या यात्रांवर निबंध वाचला. चांगला होता, पण त्यात माणसंच नव्हती, नुसते तक्ते. शेवटी मी हात वर केला. पाय कापत होते. मी जोतिबाच्या चैत्रातल्या यात्रेचं सांगितलं. सासनकाठी पेलताना माणसाची मान कशी ताठरते, गुलालात शेजारचा कोण हे कसं ओळखू येत नाही, "चांगभलं" म्हणताना आजीचा आवाज कसा फाटायचा. म्हटलं, हे तुमच्या कुठल्या रकान्यात बसवलंत? त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि चहाच्या वेळी मला शोधत आले. हात वर करायला तुम्हीच शिकवलंत ना.

विठ्ठल रामजी शिंद्यांची गोष्ट मी शाळेत असताना तुम्हीच सांगितली होती. जमखिंडीचा माणूस १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तुलनात्मक अभ्यास करायला गेला. तेव्हा मला त्यातलं लांबच्या प्रवासाचंच अप्रूप वाटलं होतं. आता कळतं, की ते कॉलेज मुळात इंग्लंडच्या अधिकृत चर्चला न मानणाऱ्यांचं होतं. ऑक्सफर्डमध्ये धर्माची सक्तीची कसोटी १८७१ च्या कायद्यानं उठली आणि त्यानंतर तीसच वर्षांनी शिंदे तिथं पोचले. परत येऊन १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन काढलं. त्यांना धर्माचा अभ्यास करून हेच सापडलं.

आणि आपल्या कोल्हापूरला हे बाहेरून आणायची गरज काय? शाहू महाराजांना वेदमंत्रांचा अधिकार नाकारला, तो वेदोक्ताचा सगळा वाद पंचगंगेच्या घाटावर उठलेल्या एका प्रश्नातूनच पेटला. आपल्या गावात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगं शाहू महाराजांनी उभी केली, ती काय नुसती जेवणाखाण्यासाठी? तुम्हीच सांगायचा, कागलकडनं येऊन बोर्डिंगात राहिलात तेव्हा रात्री कट्ट्यावर बसून भिंतीपलीकडच्या पोरांशी रोजे, पर्युषण आणि एकादशी यांवर वाद घालायचा आणि सकाळी एकाच वहीतनं गणितं उतरवायचा. त्या कट्ट्यावर कुणी कुणाला "बसून घ्या" म्हणालं होतं का?

म्हणून सांगते, जाणं सोडू नका. शाहू स्मारकला नाहीतर दुसरीकडं जा, पण जा. शेजारच्या काकांना बरोबर घ्या. आई, तूही जा. दाराशी बसून गुडघ्याला आराम मिळतो असं नाहीच.

मला पैसे पाठवायचे ते पुढच्या आठवड्यात पाठवते. आईची बीपीची गोळी संपली असेल तर कळवा. इथं रात्री दहा वाजले तरी उजेड असतो, त्यामुळं झोपायचं लक्षातच येत नाही.

एक राहिलं. त्या संध्याकाळी तुम्ही नेमकं काय विचारणार होतात, ते आईलाही माहीत नाही. मी तिला दोनदा विचारलं. तुम्ही तो प्रश्न मला लिहून पाठवा, अख्खा, जसा मनात होता तसा. पोस्टानं पाठवा, तुमच्या अक्षरात.

तुमची,
लेक