अक्का, तुम्ही सरळ विचारलंत

अक्का, नमस्कार.

हे पत्र तुमच्या सुनेच्या नजरेला पडावं आणि तिनं ते तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवावं, एवढीच आशा आहे. नावं कुणाचीच घालत नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या देवळात एप्रिलच्या उन्हात डोकं धरून बसलेली पुण्याची पोरगी म्हटलं की तुम्हाला आठवेल.

त्या दिवशी माझं लग्न व्हायचं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, हॉलचे पैसे भरले होते, आणि मुलाकडून निरोप आला की जमणार नाही. कॉलेजपासूनची ओळख. त्यानंतर आमच्या घरात सगळे हळू आवाजात बोलू लागले. मावशी यायची, पाठीवरून हात फिरवायची आणि पाण्याच्या टँकरचं बोलायची. त्याचं नाव कुणी काढायचं नाही. माझ्या डोक्यात मात्र दुसरं काही नव्हतं. मुहूर्ताच्या दिवशी त्या घरात थांबणं मला शक्य नव्हतं. आदल्या संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसला जागा मिळाली, म्हणून सोलापूर. दुसरं काही कारण नव्हतं.

तुम्ही मला तुमच्या बाटलीतलं पाणी पाजलंत, पदर ओला करून मानेवर ठेवलात आणि 'चल की, घरी सावलीत बस' म्हणून सरळ रिक्षात घातलंत. वाटेत आईचा फोन आला. 'बरी आहे' म्हणून मी ठेवला आणि मग रडू आवरेना. रिक्षावाल्यानंही मागं वळून पाहिलं नाही, त्याचेही आभार.

सोलापूरजवळच्या कुंभारीची ती वसाहत मी आधी कधी पाहिली नव्हती. विडी वळणाऱ्या बायकांची दहा हजार घरं, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. 'आमचे कामगार पुढारी आडम मास्तर भांडले म्हणून झालं, आणि घर माझ्या नावावर आहे,' हे तुम्ही चप्पल काढायच्या आधी सांगितलंत. मला तो अभिमान फार आवडला.

मग तुम्ही मांडीवर सूप घेऊन बसलात. तेंदूची पानं ओल्या फडक्यात. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, त्याच्या कडेनं कात्री चालवायची, चिमूटभर तंबाखू, वळवायचं, टोक नखानं आत दाबायचं, दोरा बांधायचा. हात एकदाही थांबले नाहीत आणि तुम्ही हातांकडे बघतही नव्हतात, माझ्याकडे बघत होतात. मजुरी हजारावर, त्यामुळे थांबणं परवडत नाही, असं म्हणालात. माझ्या हातात कात्री दिलीत आणि विचारलंत, "कुणी सोडलं का गं तुला?"

अक्का, इतक्या आठवड्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. अगदी सगळं, आईला न सांगितलेलंसुद्धा. तुम्ही 'अरेरे' म्हणाला नाहीत. मध्येच एकदा विचारलंत, "खोटं बोलला का भ्याला?"

मला उत्तर द्यायला वेळ लागला. तोवर मी फक्त माझ्यात काय कमी पडलं तेच शोधत होते. त्याच्या बाजूनं नेमकं काय घडलं, याचा विचारच केला नव्हता. त्याच्या वडिलांनी नकार दिला होता आणि त्यांच्यापुढे तोंड उघडायची त्याची हिंमत झाली नव्हती. "भ्याला," मी म्हणाले.

"मग त्यात तुझं काय? दोरा दे तो इकडं."

तुमच्या यजमानांबद्दल तुम्ही नंतर जे सांगितलंत ते इथं लिहीत नाही. ते तुमचं आहे.

रात्री कडक भाकरी आणि तेल घातलेली शेंगा चटणी वाढता वाढता तुम्ही गड्ड्याच्या जत्रेचं, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचं सांगितलंत. कुंभाराच्या मुलीला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं, ते योगी, म्हणून त्यांच्या योगदंडाशी तिचं लग्न लागलं. दरवर्षी संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, संमती कट्ट्यावर त्या लग्नाच्या अक्षता पडतात आणि सगळी गर्दी 'सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम' म्हणते. माझा मुहूर्त टळलेल्या दिवशी लग्नाची गोष्ट सांगताना तुम्ही जरासुद्धा अडखळला नाहीत. मीही न रडता ऐकली, आणि दुसरी भाकरी मागितली.

सकाळी तुम्हीच मला हत्तरसंग कुडलला पाठवलंत. भीमा-सीनेच्या संगमावर, संगमेश्वराच्या देवळात, एका आजोबांनी मला तुळईवरचा शिलालेख दाखवला. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. मान वर करून, एकेका अक्षरावर काठी रोखून त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं : 'वाछि तो विजेया होईवा', म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. निरोप आल्यापासून माझ्याकडून वर्तमानपत्राची एक बातमीसुद्धा पुरी वाचून होत नव्हती. ती ओळ मी शेवटपर्यंत वाचली. आजोबांनाही तुमच्याइतकंच धन्यवाद म्हणायचं राहिलं.

परतीच्या गाडीत मी पुन्हा रडले, हे तुम्हाला खरं सांगते. पुढेही बरेच दिवस रडले. पण नंतर एकटीनं विजापूरला गेले, बदामीला गेले, गाडीत शेजारच्या बायकांशी बोलायला लागले. गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका मैत्रिणीचा घटस्फोट झाला. सगळे तिच्याशी हवापाण्याचं बोलत होते. मी जेवणाच्या सुट्टीत तिच्याजवळ जाऊन बसले आणि सरळ विचारलं. ती तासभर बोलली.

भोगीला येते आहे. आईला घेऊन. तिला तुम्हाला भेटायचं आहे आणि दोन चादरीही घ्यायच्या आहेत, त्या कुठून घ्यायच्या ते तुम्हीच सांगा. अक्षतांना आपण तिघी जाऊ. घर मी शोधून काढीन, फक्त त्या दिवशी सुपाला सुट्टी द्या.

तुमची,
पुण्याची पोरगी